आधी जेवा, मग भांडा

आमच्या इमारतीत आगलावे नावाचं कुटुंब कधीच राहत नव्हतं. तरीही तळमजल्यावर नवीन राहायला आलेले चौबळ आठवडाभरातच माझ्याकडे आले आणि दबक्या आवाजात विचारू लागले, "हे आगलावे नक्की कितव्या मजल्यावर?"

झालं असं होतं, की त्यांना जिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या गमरेवहिनी भेटल्या. धड ओळख होण्याआधीच वहिनींनी त्यांना सांगून टाकलं, की आगलाव्यांची सून परत बॅग भरून माहेरी निघालीय, थोरल्याने आणखी एक धंदा बुडवलाय, आणि म्हातारा-म्हातारी कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. ताटात मीठ हवं असलं तरी निरोप धाकट्या बेबीच्या तोंडून जातो. चौबळांच्या घरात दोन लग्नाच्या मुली. असल्या शेजारात आपण जागा घेऊन बसलो म्हणून माणूस पार हवालदिल झाला होता.

मी त्यांना आत बोलावलं आणि कोपऱ्यातल्या टीव्हीकडे बोट दाखवलं. "इथे राहतात. दर गुरुवारी, साडेसात ते आठ."

'धुसफूस' ही मालिका तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. नेरूळला इमारती थोड्या आणि चिखल फार. खाडीवरून वारा सुटला की गच्चीवरचा अँटेना तोंड फिरवून बसायचा आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. अख्ख्या इमारतीत टीव्ही एक, तो आमचा. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी आमचा हॉल आमचा राहत नसे. कामावरून दमून यावं, तर आपल्याच खुर्चीत कोण बसलंय ते दारातून वाकून बघावं लागे.

बाकीचे लोक मालिका बघायचे. गमरेवहिनी आगलाव्यांकडे जाऊन बसायच्या. ठेंगणा बांधा, पदर खोचलेला, पडद्यासमोर अगदी हाताच्या अंतरावर मांडी. सून बॅग भरायला लागली की, "हिरवी साडी राहिली गं तुझी," अशी आठवण करायच्या. थोरला नवीन धंद्याचं बोलला की कपाळाला हात लावायच्या. अण्णा आगलावे रुसून बसले की, "बसू दे त्याला. भूक लागली की येतो." सकाळी सारसोळ्याहून मासळी घेऊन येणारी हिराबाई टोपली उतरवतानाच विचारायची, "गो वैनी, आयली का ती सून परत?" हिराबाईने टीव्ही कधी बघितलाच नव्हता. वहिनी बोंबील निवडता निवडता तिला अख्खा भाग करून दाखवायच्या, आणि ऐकण्याच्या नादात हिराबाई मूठभर बोंबील जास्तच टाकून जायची.

मालिकेचा सगळा जीव होता त्या म्हातारीत, माई आगलावेमध्ये. घरातले सगळे एकमेकांच्या उरावर बसले, की माई स्वयंपाकघरातून यायची, पातेल्याच्या झाकणावर पळी बडवायची आणि म्हणायची, "आधी जेवा, मग भांडा." की सगळे मुकाट पाटावर. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी गमरेवहिनी घरून झाकण आणि पळी घेऊनच आल्या. तिकडे माईने बडवलं, इकडे वहिनींनी बडवलं. पुढच्या वेळी सगळ्यांनीच काहीबाही आणलं. मग दर गुरुवारी आमच्या हॉलमध्ये जो दणका उठायचा, त्याने भिंतीचा गिलावा सुटायला लागला. भिंती नवीन होत्या, त्यामुळे तो तसाही सुटणारच होता. पण माझी बायको शैला दोष वहिनींना द्यायची, आणि स्वतः सगळ्यांत मोठी परात बडवायची.

वहिनी मूळच्या दापोलीकडच्या. आवाज असा की एरवी कुजबुजल्या तरी तळमजल्यावर चौबळ मान डोलवायचे. त्यांचं एकच म्हणणं, "घर म्हंजे आवाज पायजे." त्या आमच्या बरोबर डोक्यावर राहायच्या. माझं आणि शैलाचं वाजलं की दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून दाद द्यायच्या. "काल मस्त जमलं होतं तुमचं. मधीच का थांबलात?"

त्यांच्या घरातून मात्र कधी चकार शब्द ऐकू आला नाही. गमरे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कारखान्यात पाळीवर जायचे. पाळीने माणूस इतका पिळून निघायचा, की जागा असला तरी झोपल्यासारखाच वाटायचा. मुलगी सुषमा कॉलेजात जाणारी. हुशार, नीटनेटकी, आणि वहिनींशी एखाद्या पाहुणीसारखी वागणारी. "भाजी आवडली नाय का?" "आवडली." "मैत्रिनींबरोबर पिक्चरला जायचंय का?" "तुम्ही म्हणाल तसं." शैला म्हणायची, अशी पोर मिळायला नशीब लागतं. एरवी कुणाच्याही वाक्याला आपली दोन वाक्यं जोडणाऱ्या वहिनी यावर गप्प राहायच्या.

तेरा भाग झाले आणि मालिका बंद पडली. तीही कशी, तर सून बॅग घेऊन उंबऱ्यात उभी, माई आतून येतेय, आणि खालून नावांच्या पाट्या सरकायला लागल्या. वहिनींनी तो अपमान मनावर घेतला. "त्या पोरीला उंबऱ्यात उभं ठेवून गेले मेले," त्या कितीतरी दिवस म्हणत होत्या. "ना आत, ना भाईर. पाय दुखले असतील तिचे." वर्ष उलटून गेलं तरी कुठे लग्नाला-बारशाला गेल्या, की चार बायकांत विषय काढायच्या, तुमाला काय वाटतं, ती आत आली असेल का?

आणि एका संध्याकाळी बातम्यांच्या आधी निवेदिकेने हसून सांगितलं, की प्रेक्षकांच्या आग्रहास्तव 'धुसफूस' पुन्हा सुरू होत आहे. शैलाने खिडकीतून वर हाक मारली. वहिनी पिठाच्या हातांनीच निघाल्या आणि झाकण बडवत तिन्ही मजले फिरल्या. लोकांना वाटलं पाणी आलं. बायका बादल्या घेऊन बाहेर धावल्या, आणि खरं काय ते कळल्यावरही कुणी रागावलं नाही.

त्या आठवड्यात आमच्या इमारतीत लग्नघर झालं. वहिनींनी हिराबाईकडून होडीची जाड दोरी मागवली, मला गच्चीवर चढवलं आणि अँटेना असा करकचून बांधून घेतला की वादळातही हलू नये. चौबळ एव्हाना आगलाव्यांचे वहिनींच्या खालोखाल भक्त झाले होते. त्यांनी खास पितळी तबक विकत आणलं. कुणी शंकरपाळे केले, कुणी सुनेची बाजू घेणार म्हणून हिरवी साडी नेसलं. हिराबाईसुद्धा संध्याकाळी पहिल्यांदाच रिकाम्या हाताने आली आणि दारात टेकली.

मालिका सुरू झाली. तोच उंबरा, तीच सून, तीच बॅग. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. वहिनींचे डोळे भरून आले. "ये गं बाय, ये आत." सगळ्यांनी आपापली भांडी सावरून धरली. स्वयंपाकघराचा पडदा बाजूला झाला आणि माई बाहेर आली.

ती माई नव्हती. दुसरीच कुणीतरी होती. जुनी कुठे गेली, का गेली, कुणी सांगितलं नाही. ही बारीक, आवाजाने मऊ, आणि पळी अशी धरलेली की आता फळ्यावर काहीतरी लिहिणार. "आधी जेवा, मग भांडा," ती म्हणाली. वाक्य तेच, पण आमच्या हॉलमध्ये कुणाचा हात हलला नाही.

"ही कोन?" हिराबाई म्हणाली. "ही ती माई नाय."

मग एकच गिल्ला झाला. चौबळ म्हणाले, फसवणूक आहे. कुणी म्हणालं, शाळेतली बाई वाटते. कुणी म्हणालं, हिच्यापेक्षा मालिका बंद होती तेच बरं होतं. त्या कालव्यात एक झाकण मात्र वाजत होतं. गमरेवहिनी एकट्याच, पडद्याकडे बघत, जोरजोरात बडवत होत्या.

पुढचे गुरुवार भांडणातच गेले. "नवीन हाय ती," वहिनी म्हणायच्या. "हात बसायला टाइम लागतो."

"माईला कसला हात बसायला लागतो?" चौबळ म्हणायचे. "माई ती माई."

"चौबळ, तुमी हिथं आलात तेव्हा आगलाव्यांच्या भीतीनं पळून चालला होतात. आमी दिला ना तुमाला टाइम?"

चौबळ दुखावले. त्यांनी जाहीर केलं, की पुढच्या गुरुवारी बरोबर साडेसातला त्यांच्या घरी टीव्हीसकट व्हिडिओ भाड्याने आणला जाईल. मारामारीचा पिक्चर, सर्वांना निमंत्रण. ही बाई आगलाव्यांच्या घरात असेपर्यंत आपण तिकडे ढुंकूनही बघणार नाही. लोक खूश झाले. मीही मनातून थोडा खूश झालो, माझी खुर्ची मला परत मिळणार होती.

बुधवारी वहिनी दारोदार फिरल्या. "एक गुरुवार द्या तिला." कुणी हो म्हटलं नाही. शेवटी आमच्याकडे येऊन त्या शैलापाशी जमिनीवर बसल्या. मी पेपरात तोंड घालून बसलो होतो.

"पयली लय भारी होती," वहिनी म्हणाल्या. "मला काय कळत नाय का? पन ती गेली. कोनीतरी घर चालवायला पायजे ना. ही बिचारी येते, पळी घेते, तेच बोलते, आनि सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसतात." मग म्हणाल्या, "सुषमाची आई गेली, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी आले या घरात. ती बेबी कशी माईच्या अंगावर वसकन येते, बगता ना तुमी? सुषमा माझ्या अंगावर एकदा पन आली नाय. एवढी झाली, पन एकदा नाय. आईवर ओरडतात हो. पावन्यावर कोन ओरडेल?"

शैलाने वहिनींच्या पाठीवर हात ठेवला. मी पेपराचं तेच पान वाचत राहिलो, आणि खुर्ची परत मिळणार म्हणून झालेला आनंद माझा मलाच नकोसा झाला.

गुरुवारी हॉलमध्ये आम्ही दोघं, वहिनी आणि सुषमा. "चल" म्हटल्यावर सुषमा "बरं" म्हणून आली होती आणि भिंतीला टेकून बसली होती. खालून ठोसे आणि टाळ्या ऐकू येत होत्या. वहिनींनी आज वेगळंच झाकण आणलं होतं, चांगलं जाड पितळेचं, आरशासारखं लखलखीत. "मानसं कमी, मग आवाज मोठा नको का?"

त्या दिवशी बेबी नव्या माईवर खूप ओरडली. जेवणार नाही म्हणाली, ताट सरकवलं. माईने ताट परत तिच्यापुढे ठेवलं. मग तिने पळी उचलली आणि झाकणावर असा काही घाव घातला, की आगलाव्यांचं सगळं घर दचकलं. "आधी जेव, मग भांड."

"बसला," वहिनी किंचाळल्या, "हात बसला तिचा," आणि आपली लोखंडी पळी दोन्ही हातांनी पितळेवर हाणली. एकदा, दोनदा, तीनदा. झाकण खणखणलं, आणि तिसऱ्या दणक्याला त्यात मधोमध पोचा पडला.

सुषमा उठली. तिने वहिनींच्या हातातून झाकण घेतलं. त्याच्या काठावर टिंबाटिंबांनी एक नाव कोरलेलं होतं, तिच्या आईचं. लग्नात मिळालेलं भांडं. पोच्यावरून बोट फिरवत ती वर निघून गेली. वहिनी चप्पल न घालताच तिच्या मागे गेल्या.

मग आमच्या छतातून आवाज आला, आणि तो वहिनींचा नव्हता.

"कुणी सांगितलं होतं तुला त्याला हात लावायला? सारखा आवाज, आवाज, आवाज. लोक हसतात तुला. आणि त्या टीव्हीतल्या बाईसाठी माझ्या आईचं झाकण?"

"चिंचेनं घासते मी ते. आले तेव्हापासनं घासते. तू कधी लावलास का हात?"

"तू लावू कुठे दिलास? सगळं तूच करतेस. आणि तुझी भाजी खारट असते."

"मग बोलायचं ना."

"बोलले नाही म्हणून रोज खारट करशील?"

खाली व्हिडिओ बंद झाला होता. सगळी इमारत जिन्यात जमली. गमरे बनियनवरच खाली आले आणि पायरीवर बसले. शैलाने विचारलं, तुम्ही मध्ये पडत का नाही? "चालू द्या," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी तेव्हा प्रथमच नीट ऐकला. "पहिल्यांदाच होतंय."

बऱ्याच वेळाने वहिनी आमच्या दारात आल्या. केस सुटलेले, डोळे लाल, आणि चेहरा मालिका परत येतेय हे कळलं त्या दिवशीसारखा.

"ऐकलंत ना?" त्या म्हणाल्या. "काय काय बोलली मला. लोक हसतात म्हनाली. भाजी खारट म्हनाली." त्या हसत होत्या आणि डोळ्यांतलं पाणी पुसतही नव्हत्या. शैलाला रडू आवरेना. माझी अवस्था काही वेगळी नव्हती.

चौबळ घसा खाकरून म्हणाले, पोचा काढून देणारा एक माणूस त्यांच्या ओळखीचा आहे.

"ते सुषमाला विचारा," वहिनी म्हणाल्या. "झाकन तिचं हाय."

तेवढ्यात वरून ठणठण आवाज आला. पोचा पडलेल्या पितळेचा, जरासा फुटका. आणि मागून सुषमाचा आवाज, अजून धुमसणारा.

"वर ये. आधी जेवून घे, मग भांडू."

"आले गं," म्हणत वहिनी जिना चढायला लागल्या. चार पायऱ्या चढून थांबल्या, आणि कठड्यावरून वाकून शैलाला हळूच, म्हणजे आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू, म्हणाल्या, "उद्यापासनं मीठ कमी करते. पन एकदम कमी नाय करनार."