गॅलरीतल्या पानांचा पराक्रम

"आई, तुमच्या गॅलरीतलं झुडूप आपलं नाव काढणार!" चपला काढायच्या आधीच सूनबाईनं जाहीर केलं.

वनस्पतींच्या अर्कानं जंतू मरतात का, हे तपासणं तिचं काम. काचेच्या बशीत जंतू पसरायचे, वर अर्कात भिजवून वाळवलेली कागदाची टिकली ठेवायची. अर्क गुणी असेल तर टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. वर्षभर एकही उमटलं नव्हतं. जंतू सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे सुखात होते! "या खेपेला काही निघालं नाही, तर काम बंद," साहेबांनी बजावलं होतं.

आणि आज सासूबाईंनी डब्यात दिलेल्या पानांनी हे एवढं वर्तुळ काढलं!

तिनं पुन्हा पानं नेली, पुन्हा वर्तुळ. अर्क ज्यात काढायचा, त्या नुसत्या अल्कोहोलच्या टिकलीभोवती काही नाही. म्हणजे श्रेय पानांचंच. संस्थेच्या बागेतलं तसलंच झुडूप मात्र ढिम्म!

"मातीचा गुण," सूनबाई म्हणाली.

"हाताचा!" सासूबाई म्हणाल्या.

साहेबांना दोन्ही पटलं. त्यांनी बाहेरून एक तज्ज्ञ बोलावले आणि सन्मानानं सासूबाईंनाही.

"आजी, झाडाला घालता तरी काय?" तज्ज्ञांनी विचारलं.

"पाणी."

"बस?"

"झाडाला बस. पानांचं म्हणाल, तर ही म्हणाली होती, 'पानं स्वच्छ हवीत.' एवढ्या मोठ्या ठिकाणी मळकी पानं पाठवून घराण्याचं नाक कापून घेऊ? फरशी पुसायच्या औषधात तासभर बुडवली. पाणी न घालता!"

साहेबांनी वर्तुळाची बशी लांब सरकवली.

"अहो आई, स्वच्छ म्हणजे नळाखाली!"

"मग नळाखाली म्हणायचं! माझ्याकडे स्वच्छ म्हणजे स्वच्छ."

सूनबाईनं मान खाली घातली. संपलं काम! पण तज्ज्ञ डोळे पुसत हसत होते. "साहेब, काम चालू ठेवा. हिची तपासणी इतकी चोख, की पानांना लागलेलं औषधसुद्धा सुटलं नाही. फक्त पानं घरून आणू नका!"

सूनबाई ताठ मानेनं घरी आली. पण सासूबाई तिच्या आधी पोचून शेजारणीला सांगत होत्या, "प्रयोगशाळेत सिद्ध झालं बाई, माझ्या हातून एक जंतू वाचत नाही!"

आणि हे खोडायला सूनबाईकडे काहीच नव्हतं. प्रयोग तिनं स्वतःच दोनदा केला होता.