फोन गाळायला माणूस कशाला?

"फोन गाळायला वेगळा माणूस कशाला? मी आहे ना!" असं मी आमच्या संचालकांना छातीठोकपणे सांगितलं.

रेडिओवर मी 'सल्लागार काका' आहे. आठवड्यातून एकदा, आवाज जाड करून, लोकांची घरगुती भांडणं मिटवतो. घरात हे फक्त बायकोला ठाऊक. सासूबाईंच्या लेखी मी 'कुठल्याशा ऑफिसात' असतो. आलेला प्रत्येक फोन आधी ऑपरेटर बाई तपासतात आणि नको ते गाळतात, पण त्या दिवशी त्यांची दाढ सुजली होती. न तपासता थेट प्रसारणात सोडलेल्या फोनला इंग्रजीत 'अनस्क्रीन्ड' म्हणतात. शब्दकोशात त्याचे आणखीही अर्थ आहेत: न पारखलेला, आडपडदा नसलेला. मला ते सगळे एकाच सकाळी कळले.

"आज कार्यक्रम रंगला तर तो रोज करू," असं म्हणून संचालक काचेपलीकडे बसले.

पहिला फोन. "नळ गळतोय, कधी येता?" राँग नंबर! वॉशर बदला म्हणून सांगितलं आणि वेळ मारून नेली.

दुसरा फोन. "काका, माझा जावई ना..."

सासूबाई! माझ्याच!

"ओला टॉवेल पलंगावर टाकतो. भांडी घासायची वेळ आली की पोट धरून बसतो."

"ताई, खरंच दुखत असेल हो!"

"दुखतंय कसलं! भांडी झाली की बिस्किटांचा डबा रिकामा करतो!"

"मनाने चांगला असेल..."

"तुम्ही ओळखता का त्याला?"

काय सांगणार, कप्पाळ! मी जावयाची बाजू घेत राहिलो आणि फोनचे सगळे दिवे पेटले. बायकाच बायका, आणि एकजात सासूबाईंच्या बाजूने! सासूबाई फोन धरूनच होत्या. एकीला त्यांनी उपायही सांगितला: ओला टॉवेल उचलायचा आणि त्याच्याच उशीवर ठेवायचा. महिनाभर माझी उशी दमट का लागत होती, ते मला थेट प्रसारणात समजलं.

संचालक हसून हसून लाल झाले होते. बाहेर येताच म्हणाले, "रोजचा कार्यक्रम पक्का!"

"आभारी आहे, साहेब!"

"त्या बाईंचा. तुम्ही जरा विश्रांती घ्या."

मला फार लागलं ते. घरी पोचलो तर सासूबाई दारातच.

"मला रेडिओवर काम मिळालं! पण त्या काकांचं गेलं हो. माझ्यामुळे, बिचारे!" त्यांचे डोळे खरोखर भरले होते. "जावईबापू, तुमच्या ऑफिसात चिकटवता येईल का त्यांना कुठे?"

"बघतो," मी म्हणालो. माणूस तसा ओळखीचा आहे.