एका गाडीचा इंधनबदल व त्याचे स्वयंपाकघरावरील परिणाम

माणूस कशावर चालतो ते बदलता येत नाही. गाडी कशावर चालते ते मात्र रीतसर अर्ज करून बदलता येते. मानवजातीची सगळी प्रगती या एका फरकात आहे, असे आमचे शेजारी अंबादासराव मानतात. ते एकतीस वर्षे एका कनिष्ठ महाविद्यालयात लिपिक होते, त्यामुळे ते जे मानतात त्याची एक प्रत फायलीला लावलेली असते.

तुळजापुरात त्यांचे घर आणि माझे घर यांच्यात एकच भिंत आहे. ती पातळ असल्याने पुढील सर्व माहिती विश्वसनीय समजावी.

निवृत्तीनंतर अंबादासरावांनी पेट्रोलवर चालणारी नवी गाडी घेतली. त्यांच्या पत्नी लीलाकाकू यांचे माहेर तेर गावचे, गुडघे दुखरे आणि एसटीची पायरी उंच. "आता दर म्हैन्याला माहेरी नेतो तुला," असे त्यांनी गाडीच्या पूजेच्या दिवशी चार लोकांसमोर सांगितले. काकूंनी नारळ फोडला, चाकांखाली लिंबे ठेवली आणि (हे मी स्वतः पाहिले) मागच्या सीटवर एकदा बसून उतरल्या.

गाडी आधुनिक होती. तिच्या पोटात संगणक होता. दार नीट लागले नाही तर ती ओरडायची, पट्टा लावला नाही तर ओरडायची, मागे भिंत आली तर फारच ओरडायची. त्या घरात एवढे बोलायची मुभा यापूर्वी कोणालाच नव्हती.

तिचा एकच दोष होता. ती पेट्रोल प्यायची. हे विकत घेताना सांगण्यात आले होते, पण प्रत्यक्ष पाहिल्यावर अंबादासरावांना ते सहन होईना. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी गाडी गॅसवर घेण्याचे ठरवले आणि फाईल उघडली.

इंधनबदल हे सोपे काम नाही, आणि ते सोपे नसावे हेच योग्य. त्या मॉडेलला चालणारे मंजूर किट, टाकीच्या चाचणीचा दाखला, विमा कंपनीला पत्र, नोंदणीच्या पुस्तकात नवी नोंद, या सगळ्याच्या तीन-तीन प्रती, आणि ज्याने त्या तीन प्रती मागितल्या तो आज रजेवर आहे काय याची चौकशी, असा तो क्रम आहे. अंबादासरावांनी तो चार महिन्यांत पुरा केला. मधल्या काळात काकू दोनदा एसटीनेच तेरला गेल्या, कारण गाडी कागदोपत्री मोकळी नव्हती.

किट बसवले नळदुर्ग रोडच्या कल्याणप्पा मेकॅनिकने. डिकीत टाकी बसली आणि डिकी संपली. गाडी सुरू केली तसा समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. तो विझेना.

"हे काय म्हणायलंय?" अंबादासरावांनी विचारले.

"संगणक हाय ओ साहेब. त्याला पेट्रोलची सवय. गॅस दिसला की बोंबलतंय. लई मनावर घेऊ नका."

किट पाहायला काकूही गेल्या होत्या. त्यांच्या पर्समधल्या पाकिटातून कल्याणप्पाने सर्वांत मोठी टिकली मागून घेतली आणि त्या दिव्यावर चिकटवली. दिवा विझला असे म्हणता येणार नाही. पण तो दिसेनासा झाला, आणि चांगल्या प्रशासनात या दोन गोष्टींत फरक करत नाहीत.

आता प्रश्न उरला गॅस भरण्याचा. गाड्यांना गॅस देणारा जवळचा पंप सोलापुरात. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. अंबादासराव दर आठवड्याला टाकी भरून आणायचे, गाडीवर कापड घालायचे आणि पुढच्या आठवड्यात उरलेल्या गॅसवर टाकी भरायला जायचे. त्यांच्या वहीनुसार पहिल्या तीन महिन्यांत गाडी एकूण एक हजार ऐंशी किलोमीटर धावली. त्यांपैकी गॅस आणण्यासाठी धावलेले अंतर एक हजार ऐंशी किलोमीटर. (वही त्यांनी मला अभिमानाने दाखवली.) तेर त्यात कुठेच नव्हते.

अशा वेळी सामान्य माणूस हताश होतो. अंबादासरावांच्या मात्र लक्षात आले, की गॅसचा एक भरलेला सिलिंडर आपल्याच स्वयंपाकघरात नुसता उभा आहे.

घरगुती गॅस गाडीत भरणे नियमाविरुद्ध आहे आणि धोक्याचेही आहे. अंबादासराव नियमाचे पक्के असल्याने त्यांनी हे काम फायलीत न नोंदवता केले.

"मग सैपाक कशावर करू म्या?" काकूंनी विचारले.

"चुलीवर. तुज्या आईनं जल्मभर चुलीवर केलं. काय झालं तिला?"

"दमा झाला."

हा मुद्दा विषयाशी संबंधित नसल्यामुळे कामकाजातून काढून टाकण्यात आला.

परसात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, चूल मांडली. चुलीला लाकूड लागते, आणि लाकूड होते तेरला, काकूंचा भाऊ बजरंग याच्या रानात. म्हणजे गाडी अखेर तेरला निघाली. काकूंनी नवे लुगडे काढून ठेवले होते. परंतु डिकीत टाकी असल्याने बाभळीची लाकडे मागच्या सीटवर ठेवावी लागणार होती, आणि उरलेली पुढच्या सीटवर. काकूंना जाताना नेले तर येताना कुठे बसवायचे, असा पेच पडला, आणि तो काकूंनी घरी राहून सोडवला. सीटवर वजन पडताच गाडी पट्ट्यासाठी ओरडू लागली, म्हणून अंबादासरावांनी लाकडांना पट्टा लावला. तेव्हापासून दर दहा दिवसांनी लाकडे माहेराहून पट्टा लावून येतात. बजरंग त्यांच्याबरोबर बहिणीला निरोप धाडतो.

येथे योजना परिपूर्ण झाली. गॅस नव्हता म्हणून चुलीला लाकूड लागे, लाकूड आणायला गाडी लागे, आणि गाडीला काकूंचा गॅस लागे. बाहेरच्या कोणाचीही मदत न घेता चालणारी अशी व्यवस्था मी दुसरी पाहिलेली नाही.

फक्त काकूंना खोकला लागला. पहाटेची भाकरी, दुपारची भाकरी, संध्याकाळची भाकरी, अशा तीन पाळ्यांत तो भिंतीतून यायचा. खोकल्यावर चिकटेल अशी टिकली कल्याणप्पाकडे नव्हती, म्हणून अंबादासरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मग मला माझा टीव्ही ऐकू येईना, म्हणून मीही वाढवला. काकू रोज एक भाकरी परसाच्या भिंतीवरून मला देत. ती मी नाकारली असती तर त्यांना वाईट वाटले असते.

अंबादासराव वरच्या दोन खोल्या देवीला येणाऱ्या भाविकांना भाड्याने देतात. एका मंगळवारी पुण्याचा श्रेयस नावाचा तरुण तिथे उतरला होता. धुराचा वास लागला तसा तो जिन्यावरून धावत परसात आला. आग लागली समजून आला असेल, असे मला वाटले.

"चूल! काकू, ही तर खरीखुरी चूल आहे! हीच ती चव!"

त्याने व्हिडिओ काढला. त्यात काकू फुंकणीने जाळ करताना दिसतात आणि मग बराच वेळ दिसत नाहीत, कारण धूर. पुढच्या मंगळवारी सहा माणसे जेवायला आली, त्याच्या पुढच्या मंगळवारी एकोणीस. अंबादासरावांनी दारावर पाटी लावली: 'चुलीवरचे अस्सल जेवण'. अक्षर सुवाच्य आहे.

गॅसचे पुस्तक काकूंच्या नावावर आहे, कारण अंबादासराव कायद्याने चालतात. त्यावरचा मोबाईल नंबर मात्र अंबादासरावांचा होता, कारण घर व्यवहाराने चालते. सिलिंडर आला की त्यांच्याच फोनवर चार अंक यायचे, ते सांगितले की सिलिंडर थेट डिकीशी. एका सोमवारी काकू गुडघे धरत एकट्याच एजन्सीत गेल्या, अंगठा लावला, नंबर बदलला आणि येताना कोथिंबीर घेऊन आल्या.

पुढचा सिलिंडर आला तेव्हा अंबादासराव फोन हातात धरून दारात उभे होते.

"आला न्हाय अजून," ते सिलिंडरवाल्याला म्हणाले. "रेंज न्हाय वाटतं."

"आलाय," काकू आतून म्हणाल्या. "माज्या फोनवर आलाय."

"मग सांग की!"

"आधी त्यांला शिलिंडर आत ठेवू द्या. शेगडीला लावू द्या. पेटलेलं बघू द्या मला. मग सांगते."

सिलिंडरवाल्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि सिलिंडर खांद्यावर घेऊन तो काकूंच्या बाजूला गेला. थोड्या वेळाने काकूंनी चार अंक असे खणखणीत सांगितले, की ते मला भिंतीपलीकडे पाठ झाले. मी टीव्ही बंद केला. मला फार आनंद झाला, हे मी येथे स्वच्छ नमूद करतो.

गाडी मुकाट पेट्रोलवर आली. टिकलीखालचा दिवा विझला असावा. काढून कोणी बघितले नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. काकूंनी भाकऱ्या गॅसवर केल्या. पीठ तेच, हात तोच, खोकला नाही. पंगत बसली आणि पहिल्या घासालाच एकाने मान वर केली.

"काकू, आज चूल नाही?"

"न्हाय. गॅस आलाय बघा," काकू म्हणाल्या. इतके हसून बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते.

"ओह," तो म्हणाला. "हे आमच्याकडेही मिळतं."

त्याने अर्धी भाकरी ताटात ठेवली. त्याला बघून शेजारच्या बाईंनीही ठेवली. त्या पंगतीत एकूण सव्वीस अर्ध्या भाकऱ्या उरल्या. (मोजदाद अंबादासरावांची.) पुढच्या मंगळवारी चौघेच आले, आणि त्यांनीही आधी परसात डोकावून मग हात धुतले. ताटात अन्न टाकून पाहुणा उठला की काकूंना घास जात नाही. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी फुंकणी हातात घेतली. अंबादासरावांना बोलावेच लागले नाही.

सध्याची स्थिती पुढीलप्रमाणे आहे. गाडी पेट्रोलवर. काकूंचा सकाळचा चहा गॅसवर. आलेल्या मंडळींची भाकरी चुलीवर. लाकडे तेरहून, पट्टा लावून. खोकला पूर्ववत, टीव्ही पूर्ववत.

मागच्या मंगळवारी तुम्हीही आला होतात. दर्शन लवकर झाले म्हणून खुशीत होतात. तुम्ही तीन भाकऱ्या खाल्ल्यात आणि चौथी अर्धी मागून घेतलीत. वाढताना काकूंनी पदर डोळ्यांना लावला, तेव्हा "बघा, किती मायेनं वाढतात" असे म्हणून तुम्ही त्यांचा फोटो काढलात. फोटो चांगला आला आहे. मागे खिडकीतून गॅसची शेगडी दिसत होती, तेवढी कापून मग तुम्ही तो सगळ्यांना पाठवलात.