सैल पट्ट्याचं घड्याळ

दोन साडूंनी एका संस्थेत, तेही समोरासमोरच्या खोल्यांत, नोकरी करू नये. थोरले आणि धाकटे करत होते. दोघांचं कामही एकच: अवरक्त प्रकाशाचा एकेक सुटा फोटॉन टिपणारा डिटेक्टर बनवणं. त्यातली अर्धवाहक चिप शून्याच्या खूप खाली गार करून अंधाऱ्या पेटीत ठेवायची. प्रकाश नसताना मोजणीचा आकडा जितका कमी, तितका डिटेक्टर अस्सल.

धाकट्यांचा आकडा इनमिन दहा. थोरल्यांचा गेले काही महिने तीनशेच्या खाली उतरत नव्हता. घरी सासरे "आमचे धाकटे जावई म्हणजे..." म्हणून नुसते हसायचे, आणि थोरल्यांच्या पोटात दुखायचं. धाकट्यांनी नाडी मोजणारं घड्याळ घेतलं, तेव्हा थोरल्यांनी त्याहून भारी घेतलं. बाहीखालून सगळ्यांना दिसावं म्हणून पट्टा सैल ठेवला आणि ते झोपेतही काढलं नाही.

आज संचालकबाई नव्या दुर्बिणीसाठी दोघांपैकी एक डिटेक्टर निवडणार होत्या. थोरल्यांना राहवेना. "पाना आहे का हो?" करत ते समोरच्या अंधाऱ्या खोलीत शिरले आणि पेटीवर वाकले.

आकडा तीनशे झाला.

"अहो, आत्ता तर दहा होता!" धाकटे रडकुंडीला आले.

"होतं असं कधीकधी," थोरले म्हणाले. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाई आल्या तेव्हा ही फजिती जवळून बघायला ते पेटीला खेटूनच उभे होते.

धाकट्यांनी आकड्याकडे पाहिलं, मग थोरल्यांकडे. "दादा, जरा बाहेर जाता?"

ते गेले. दहा. परत आले. तीनशे.

बाईंनी थोरल्यांचं मनगट धरलं. "याच्या पोटात अवरक्त दिवा असतो, नाडी मोजायला. सैल पट्ट्यातून उजेड निसटतोय, पेटीच्या फटीतून आत जातोय. आणि या डिटेक्टरनं तेवढाही टिपला! ठरलं, हाच निवडायचा."

"म्हणून मी माझं घड्याळ बाहेर काढून येतो," धाकटे म्हणाले.

थोरले आपल्या खोलीत आले. त्यांची पेटीही त्याच कारखान्यातली, तशाच फटीची. त्यांनी घड्याळ काढून खणात कोंबलं. आकडा उतरत उतरत चारवर थांबला.

"दादा, चार!" दारातून धाकटे ओरडले. "माझ्यापेक्षा भारी! थांबा, बाईंना परत बोलावतो. तुमचाच जायला हवा!" आणि ते खरोखर पळत सुटले.

थोरले बघत राहिले. दुसऱ्याच्या आकड्यावर एवढं खूश होणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. तेही धाकट्यांनाच जमत होतं, आणि थोरल्यांच्या पोटात पुन्हा दुखू लागलं.