पाचव्या कपातला चहा

पहिला कप

माझी जीभ म्हणजे सोनाराचा काटा! डोळे बांधा, कोऱ्या चहाचा एक सुरका मारू द्या. पत्ती कुठल्या मळ्यातली, कोवळी खुडली की जून झाल्यावर, घडाघडा सांगतो. चहाच्या कंपनीत मला पगार मिळतो तो याचाच. त्यामुळे विमान कंपनीच्या बाई वर्षभराचा चहा निवडायला येणार म्हटल्यावर साहेब मला एवढंच म्हणाले, "तुम्ही बोट ठेवाल तो कप त्यांच्यापुढे. ऑर्डर गेली, तर तुमची खुर्चीही गेली!"

मी हसलो. हसताना डोळ्यांत पाणी आलं.

दुसरा कप

कारण तोंड आलं होतं. पुन्हा! आगंतुक पाहुण्यांसारखे हे फोड. न बोलावता येतात आणि जाताना पुढच्या खेपेची तारीख ठरवून जातात.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं.

"अंगात लोह कमी आहे. म्हणून तोंड सारखं येतंय. चहा किती पिता?"

"बेताचाच."

(चाखून थुंकतो तो वेगळा. थुंकून थुंकून दमलो म्हणून पितो तो वेगळा. जेवणाबरोबर घेतो तो तर मी धरतच नाही.)

"जेवणाबरोबर चहा घेतलात की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. हे औषध घ्या, आणि चहापासून लांब राहा!"

चहापासून लांब! कोळ्याला सांगा, पाण्यात उतरू नकोस!

मी काय काम करतो, हे त्यांना सांगितलं नाही. लाज वाटली.

तिसरा कप

ऑफिसात औषधाची बाटली दिसली असती, तर बभ्रा झाला असता. म्हणून बाई येणार त्या दिवशी चाचणीच्या खोलीत कोणी नाही असं बघून औषध तिथल्याच पांढऱ्या कपात ओतलं, वर कोमट पाणी घातलं. रंग कसा? कडक कोऱ्या चहाचा! पिणार, तोच जिन्यात साहेबांचा आवाज. कप टेबलाच्या कडेला सरकवला आणि खिशातलं फोड बधिर करणारं मलम जिभेला फासलं. जरा सढळ हातानेच. जीभ शेजाऱ्यांची झाली!

मग हात धुवायला गेलो.

चौथा कप

याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बिचारा साधा चहा होता.

पाचवा कप

माझी मेहुणी माझ्याच हाताखाली काम करते. टेबल नीटनेटकं ठेवण्याचं तिला व्यसन आहे. मी परत आलो, तर साहेब बाईंना घेऊन हजर, आणि कप कसे शिस्तीत, एका रांगेत! सगळ्यांतून सुरके मारले. गरम, गरम, गरम, गरम, कोमट. एवढंच कळलं. शेवटी डोळ्यांनी निवडला. रंगाने उठून दिसणाऱ्या पाचव्यावर बोट ठेवलं.

"हा! काय दाटपणा आहे! काय झणका आहे!"

बाईंनी चष्मा खाली केला. "बाकीच्या कपांपुढे पत्तीची डबी आहे. याची कुठंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खरं बोलायची हीच वेळ होती.

"ही... गुप्त पत्ती आहे," मी म्हणालो.

साहेबांचा चेहरा अभिमानाने फुलला. बाईंनी सुरका मारला. डोळे मिटले. उघडले.

"हा चहा नाही. हे लोहाचं औषध आहे. रोज सकाळी घेते मी. मलाही तोंड येतं."

सगळ्यांच्या नजरा माझ्या हनुवटीवर. तिथून लाळ ओघळत होती. बधिर तोंडाला तिचा पत्ताच नव्हता!

"भावोजी," मेहुणीने हळूच रुमाल पुढे केला, "पुसा आधी."

मग तिने स्वतः चाखलं आणि दुसऱ्या कपावर बोट ठेवलं. बाईंना तोच आवडला. ऑर्डर वाचली.

रिकामा कप

खुर्ची आता मेहुणीकडे आहे. मी पाणी उकळतो, कप विसळतो. औषध वेळेवर घेतो. जेवणाबरोबरचा चहा सोडला. फोड गेले.

पण साहेबांचा विश्वास काही परत आला नाही. चाचणीच्या खोलीत शिरण्याआधी दारात माझी तपासणी होते, सगळ्या ऑफिसादेखत. मेहुणी मोबाइलचा टॉर्च लावते.

"भावोजी, आ करा. अजून. जीभ वर. हं, जा आत."

आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत बायकोला सगळा अहवाल मिळालेला असतो!