तात्यांचे पडदे

कुणाच्याही घरी गेले की बबनतात्या आधी खिडकी उघडतात, चहाचं नंतर बघतात. एका लग्नात तर त्यांनी कुणालाही न विचारता मांडवाची कनात गुंडाळली. शिवाय नवरीच्या बापालाच सुनावलं, "माणसं उकडत्यात हितं. पडदा वर घ्या!"

मी त्यांचा भाडेकरू. लातूरहून हिंजवडीला नोकरीसाठी आलो आणि स्वस्त खोली मिळाली म्हणून उरवडे गावात टेकलो. घरामागे तात्यांचं जरबेराच्या फुलांचं पॉलीहाऊस, म्हणजे प्लास्टिकचं हरितगृह आहे. त्याला दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे पडदे. ऊन चढलं की हँडल फिरवून ते वर गुंडाळायचे, नाहीतर फुलं माना टाकतात. जगातल्या सगळ्या अडचणींवर तात्यांकडे हा एकच इलाज.

लवळ्याच्या एका कॉलेजात शेतकऱ्यांसाठी व्याख्यान होतं. मीच त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. सरांनी समजावलं, धुरातले वायू उष्णता अडवून धरतात, पृथ्वीचंच हरितगृह होत चाललंय. तात्या उभे राहिले.

"मग बाजूचा पडदा वर घ्या की!"

"पृथ्वीला पडदे नसतात हो."

"न्हाईत? मग बांधताना कुणी ध्यान दिलं न्हाई का?"

सगळे हसले. तात्या मात्र हसले नाहीत. घरी स्कूटरवरून उतरताना म्हणाले, "लई वंगाळ झालं बघ."

तात्यांची बायको, शांताकाकू वारल्यापासून त्यांच्या मुलाचा धोशा चाललाय. "पॉलीहाऊस मोडा, हिंजवडीला माझ्या फ्लॅटवर चला." तात्यांचं उत्तर ठरलेलं, "तितं वारं न्हाई." शेवटी मुलाने मलाच गळ घातली, तुम्ही समजवा.

म्हणून रविवारी सकाळी मागे गेलो. एरवी मी ऊन चढायच्या आत कंपनीच्या गाडीत बसलेला असतो आणि सुट्टीला उशिरापर्यंत झोपतो, त्यामुळे पडदे चढताना कधी पाहिले नव्हते. तात्या हँडल धरून उभे होते. पलीकडे तोंड करून त्यांनी हाक दिली, "शांते, घे वर!"

पलीकडे कुणीच नव्हतं. तात्यांनी आपला पडदा चढवला. मग सावकाश वळसा घालून तिकडे निघाले, काकूंचा पडदा चढवायला.

फ्लॅटचं बोलणं तोंडातच राहिलं. मी धावत पुढे गेलो, पलीकडचं हँडल धरलं आणि जोरात फिरवायला लागलो.

तात्या थबकले. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं.

"हळू घे," ते म्हणाले. "ती हळू घ्यायची."