मदतीचा अंदाज आणि दारात अडकलेला सोफा

अंदाज बांधणं हा माझा धंदा आहे. विमा कंपनीत नोकरी. जळलेलं दुकान असो की चेपलेली गाडी, मी एक चक्कर मारतो आणि नुकसान किती ते सांगून मोकळा होतो. त्यामुळे लेकीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि फीचा आकडा बघून बायको मटकन खुर्चीत बसली, तेव्हा मी शांत होतो.

"घाबरतेस काय? कॉलेज मदत करतं. किती, ते आत्ता सांगतो."

"गरिबांना मदत मिळते, श्रीमंतांना ती लागत नाही," बायको म्हणाली. "आपण मधले. आपल्याला कोण विचारतंय?"

कॉलेजच्या वेबसाइटवर अंदाजाचं पानच होतं. उत्पन्न भरा, घरातली माणसं भरा, बटण दाबा.

"बाबा, नीट वाचून भरा हं," लेक म्हणाली. मी नुसता हसलो. दिवसभर दुसऱ्यांच्या फॉर्ममधल्या चुका काढणाऱ्याला हे सांगायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखं होतं.

बटण दाबलं. फी पूर्ण माफ. वसतिगृह फुकट, जेवण फुकट, वर थंडीच्या कपड्यांसाठी वेगळी रक्कम. खाली विचारलं होतं, तातडीची मदत हवी का? मिळतेय तर का सोडा, म्हणून मी 'हो'वर टिचकी मारली.

त्या आठवड्यात आमचं घर जमिनीपासून वीतभर वर तरंगत होतं. बायकोने संध्याकाळच्या नव्या शिकवण्यांना नाही म्हणून सांगितलं. मी नवा सोफा घेतला. जुन्याची स्प्रिंग पाहुण्यांना टोचायची, आणि ते लवकर उठायचे हा एवढाच त्याचा फायदा होता.

सोफा आला आणि दारात अडकला. दुकानाची माणसं करवत आणायला गेली, सोफा कापायला की दार, ते सांगितलं नाही. तेवढ्यात जिन्यातून एक बाई आल्या. हातात जड पिशवी, त्यातून पीठ, तेल आणि एक घोंगडी डोकावत होती.

"मी कॉलेजच्या मदत विभागातून आले," त्या सोफ्याच्या पलीकडून म्हणाल्या. "तुमची परिस्थिती वाचून आमच्या ऑफिसात कुणाला जेवण गेलं नाही हो."

"कसली परिस्थिती?"

त्यांनी मी भरलेलं वार्षिक उत्पन्न वाचून दाखवलं. तो माझा महिन्याचा पगार होता.

बाईंनी सोफ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग सोफ्याच्या बाहेरच्या टोकावर बसून त्यांनी टॅबलेट काढला आणि खरा आकडा घातला.

"मदत शून्य," त्या हळूच म्हणाल्या. "अगदी थोडक्यात हुकतंय."

"मी दुसऱ्या कॉलेजात जाईन, बाबा," लेक म्हणाली. "तेही चांगलंच आहे की." इतक्या पटकन म्हणाली, की हे वाक्य तिने मनात आधीच घोकून ठेवलं होतं हे मला कळलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

आवाज ऐकून सासूबाई काठी टेकत आतून आल्या.

"या कोण?" बाईंनी विचारलं.

"सासूबाई. चार दिवसांसाठी आल्यात."

"आठ वर्षांपूर्वी," बायको म्हणाली.

"मग घरात तीनच माणसं का लिहिलीत?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला मोजलंच नाही, जावईबापू?" सासूबाई म्हणाल्या. आयुष्यात मी पुष्कळ जळकी दुकानं पाहिली, पण त्या क्षणी माझी झाली तशी राख कुठे पाहिली नाही.

बाई मात्र सरसावून बसल्या. "आजी, तुमच्या औषधपाण्याचा खर्च हेच बघतात का? तोही धरता येतो."

एवढ्या आस्थेने सासूबाईंना कुणी कधी विचारलं नव्हतं. त्या सोफ्याच्या आतल्या टोकावर बसल्या. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. रक्तदाब. डोळ्यांचे थेंब. कंबरेचा पट्टा. एकेक दुखणं सांगावं आणि मदतीचा आकडा वर चढावा.

"आजी, कानांचं सांग ना," लेक कुजबुजली.

"कानांना काही झालेलं नाही. मला या घरातलं सगळं ऐकू येतं," सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या.

शेवटी निम्म्याहून जास्त फीची सोय दिसली. "हा अंदाज आहे हं," बाई उठताना म्हणाल्या. "कागद तपासल्यावर नक्की कळेल." पिशवी त्यांनी परत नेली. कागद तपासले गेले, आणि आकडा अंदाजापेक्षा थोडा वरच निघाला. बायकोने नाही म्हटलेल्या शिकवण्या धरल्या, आणि लेक त्याच कॉलेजात गेली.

परवा शेजारचे शिंपीकाका आले. त्यांच्या मुलालाही प्रवेश मिळालाय. "साहेब, जरा मदतीचा अंदाज काढून हवा होता."

"ते घरी नाहीत," बायको आतून म्हणाली.

दार मीच उघडलं होतं.